विमानाचे अंतर आणि घरापासूनचा खरा वेळ

रस्त्याचे किलोमीटर विमानाला लावू नका. छत्रपती संभाजीनगर ते मुंबई रस्त्याने साडेतीनशेच्या आसपास, पण हवाई अंतर भरते जेमतेम 280 किलोमीटर. मोबाइलच्या नकाशात 'अंतर मोजा' दाबले की ही सरळ रेघ मिळते. तिचे किलोमीटर 700 ने भागा, म्हणजे तास येतील, आणि त्यात अर्धा तास मिळवा. मुंबईला तासाच्या आत-बाहेर, दिल्लीला (सुमारे 980 किलोमीटर) दोन तासांना थोडे कमी. वरचा अर्धा तास धावपट्टीपर्यंत जाणे, चढणे-उतरणे यातच जातो, म्हणून जवळचे विमान काही फार लवकर पोचवत नाही.

आता जालन्याहून निघणाऱ्याचा हिशोब करा. संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळापर्यंत 50-55 किलोमीटर, म्हणजे सव्वा तास धरा. चेक-इनचा काउंटर उड्डाणाच्या साधारण तासभर आधी बंद होतो, म्हणून दोन तास आधी पोचलेले बरे. मुंबईत उतरल्यावर बॅगेची वाट आणि टॅक्सी, आणखी दीड तास. तासाभराच्या विमानाला पावणेसहा तास! मुंबईसाठी मी तरी रेल्वेच बघतो. दिल्लीला मात्र विमानच.