रातवा पाहायचाय? आधी कान लावा

रातवा म्हणजे रात्री उडते किडे पकडणारा पक्षी. तो बघायला मुंबईतल्या आरेला किंवा ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात पोचल्यापोचल्या लोक टॉर्च पेटवतात. चूक तिथेच होते. रातवा आधी ऐकायचा असतो, मग बघायचा.

उन्हाळ्यात, विणीच्या दिवसांत, नर सर्वांत जास्त बोलतात. सूर्यास्तानंतर वीसेक मिनिटांनी, म्हणजे मे महिन्यात साडेसातच्या सुमारास, उजेड बंद ठेवून दहा मिनिटं एका जागी उभं राहा. फरशीवर पडलेली गोटी टप्पे घेत थांबते तसं ‘चक-चक-चक-चकर्रर्र’ ऐकू आलं, तर तो साधा भारतीय रातवा. एकाच लयीत ‘चकू-चकू-चकू’ चालू राहिलं तर जंगली रातवा. चांदण्या रात्री किडे आकाशाच्या उजेडात सहज दिसतात, त्यामुळे रातवा उशिरापर्यंत उडत राहतो.

आता टॉर्च. ती कमरेशी नको, कानशिलाजवळ धरा. रातव्याच्या डोळ्यात शिरलेला उजेड आला त्याच दिशेला परत जातो, त्यामुळे टॉर्च खाली असली तर पक्षी समोर बसूनही डोळा चमकलेला दिसत नाही. रस्त्याच्या कडेला लालसर ठिपका दिसेल, बहुतेक वेळा एकच, कारण पक्षी आपल्याकडे एक बाजू करून बसलेला असतो. गवतातली बारीक हिरवट-निळी चमक कोळ्याची असते. नवखे हमखास फसतात. गुडघाभर उंचीवर दोन डोळे चमकले तर कुत्रा असेल किंवा बिबट्या. जवळ जाऊन खात्री करायची नाही. म्हणूनच तिघा-चौघांनी मिळून, डांबरी रस्ता न सोडता फिरावं आणि एकट्याने खाली बसू नये. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात तर रात्री परवानगीशिवाय थांबताच येत नाही.

दहा मीटरवर थांबा, दुर्बीण लावा, झोत थेट डोळ्यांवर रोखू नका. चोच अगदी एवढीशी, पण जबडा डोळ्यांखालपर्यंत उघडतो आणि कडेला राठ केस असतात. त्यात तो उडते पतंग, भुंगे पकडतो. उडताना पंखांवर ठळक पांढरे ठिपके दिसले तर तो बहुधा नर. मोबाईलवर आवाज वाजवून बोलावणं मात्र नकोच. हद्द राखायला आलेला नर शिकार सोडून तुमच्याभोवती घिरट्या घालत बसतो.

दिवसा पाचोळ्यातून पायाशी फडफडून उठला, पंख मोडल्यासारखा सरपटला, तर अंडी किंवा पिल्लं जवळच आहेत. घरटं नसतं; साधारण दोन अंडी उघड्या जमिनीवर असतात आणि पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. आल्या पावलांवर पाय ठेवत मागे या. मे महिन्याच्या उन्हात पक्षी उठून गेला की अंडी तापतात. फोटोसाठी आडवं येणारं गवत बाजूला केलंत तर उरलीसुरली सावलीही जाते.