झाडात अडकलेला ड्रोन काढताना या चुका टाळा

ड्रोन झाडात शिरला की पहिला हात जातो तो थ्रॉटलकडे. थोडा जोर दिला तर सुटेल, असं वाटतं. सुटत नाही. प्रोपेलरमध्ये डहाळी अडकलेली असते, मोटर फिरू शकत नाही आणि अडलेल्या मोटरला दिलेला करंट नुसती उष्णता तयार करतो. मोटरची वाइंडिंग किंवा तिला वीज पुरवणारं ईएससी जळायला वेळ लागत नाही. त्यात एखादा प्रोपेलर मोकळा राहिला असेल, तर ड्रोन गरगरत आणखी आत रुततो. म्हणून आधी मोटर्स बंद करा. बऱ्याच मॉडेलमध्ये रिमोटच्या दोन्ही स्टिक खाली आणि आतल्या बाजूला ओढून धरल्या की मोटर्स थांबतात. तुमच्या ड्रोनची पद्धत मॅन्युअलमध्ये आजच बघून ठेवा. झाडाखाली उभं राहून ती शोधायला सुचत नाही.

मोटर्स थांबल्या की लगेच रिमोट बंद करून शिडी आणायला पळणं, ही दुसरी चूक. बॅटरीत जीव आहे तोवर ड्रोन स्वतःचा ठावठिकाणा सांगतो. ॲपमध्ये ड्रोन शोधण्याची सोय असेल तर तो बीप वाजवतो, दिवे लुकलुकवतो. दाट पानांत हा आवाज डोळ्यांपेक्षा जास्त कामाचा. नकाशावरच्या ठिपक्याचा स्क्रीनशॉट घ्या, पण त्यावर डोळे झाकून विसंबू नका; जीपीएस काही मीटर चुकतं आणि तेवढ्यात शेजारचं झाड येतं. उंचीचा आकडाही नीट वाचावा लागतो. तो उड्डाणाच्या जागेपासून मोजलेला असतो, झाडाच्या बुंध्यापासून नाही. ॲप १२ मीटर दाखवत असेल आणि बुंधा उड्डाणाच्या जागेपेक्षा ४ मीटर खाली असेल, तर नजर १६ मीटरवर न्यायला हवी. कॅमेरा चालू असेल तर त्याचं चित्रही बघा, ड्रोन कुठल्या बाजूला तोंड करून आहे ते कळतं.

दगड मारू नका. नेम लागलाच तर बहुधा गिंबलला, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणाऱ्या भागाला लागतो, नाही लागला तर कुणाच्या तरी डोक्यात. पाण्याचा फवारा, दुसऱ्या ड्रोनला आकडा लावून ओढणं, हेही नको. मग दोन ड्रोन काढावे लागतात.

झाडावर चढायचा मोह सगळ्यात वाईट. ड्रोन अडकतो तो शेंड्याकडच्या बारीक फांद्यांत, आणि पाव किलोचा ड्रोन पेलणारी फांदी तुम्हाला पेलेल असं नाही. वर पोळं किंवा घरटं आहे का, हे तर कुणी बघतच नाही. जवळून विजेच्या तारा जात असतील तर कसलीच काठी वर करू नका. ॲल्युमिनियमसारखीच कार्बन फायबरची काठीही वीज वाहून नेते. तिथे वीज कंपनीलाच बोलवायचं.

तारा नसतील आणि ड्रोन काठीच्या टप्प्यात असेल, तर रंगकामाच्या लांब होणाऱ्या दांड्याला आकडी बांधा. त्याहून उंच असेल तर दोरी. इथे बहुतेकांचं चुकतं ते असं, की ते ड्रोनवर नेम धरतात. हलवायची असते फांदी. साधारण २ मिमी जाडीची गुळगुळीत दोरी घ्या, टोकाला तीनचारशे ग्रॅम वाळूची छोटी पिशवी बांधा आणि ड्रोन ज्या फांदीवर टेकलाय तिच्यावरून, ड्रोनपासून हातभर अंतरावर, ती पलीकडे जाऊ द्या. पिशवी वरच लोंबकळली तर हिसका देऊ नका. ती एकतर गुंडाळली जाते, नाहीतर सुटून थेट तोंडावर येते. दोरी सैल सोडत राहिलात की ती वजनाने खाली उतरते. मग पिशवी सोडून ठेवा, दोन्ही टोकं धरा आणि फांदीच्या झोक्याच्या लयीत ओढा. दोरी मनगटाला गुंडाळायची नाही. डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांना गॉगल, आणि खाली चौघांनी मधोमध सैल धरलेली जाड चादर. हाताने झेलायला जाऊ नका, ड्रोनबरोबर मोडकी फांदीही येते.

एवढं करूनही हलला नाही तर झाडं छाटणाऱ्या, दोर आणि हार्नेस वापरणाऱ्या माणसाला बोलवा. वाट बघायला हरकत नाही, पाऊस नसेल तर.

खाली आला की लगेच उडवून बघू नका. बॅटरी काढा. फुगली, चेपली किंवा टोचली गेली असेल तर चार्जिंगला लावू नका. जळणाऱ्या वस्तूंपासून दूर, मोकळ्यावर ठेवा आणि नंतर ई-कचऱ्यात द्या. प्रोपेलर वाकवून बघा, केसाएवढी चीर दिसली तरी बदला. मोटर्स बोटाने फिरवा. एखादी खरखरत असेल तर आत सालीचे तुकडे असू शकतात. गिंबल सरळ आहे का बघा, मग कंपास आणि आयएमयू (ड्रोनचा कल आणि हालचाल मोजणारा सेन्सर) कॅलिब्रेट करा. आणि रिटर्न टू होमची, म्हणजे ड्रोन आपोआप परत येतो तेव्हाची उंची तपासा. घरी परतताना ड्रोन झाडात शिरला असेल, तर बहुधा तीच आसपासच्या शेंड्यांपेक्षा कमी ठेवलेली सापडेल. बारीक डहाळ्या सेन्सरला दिसतीलच असं नाही, त्यामुळे तो आकडा सढळ हाताने वाढवा.