कॅम्पसवरच्या साथीचं मॉडेल करायचंय? मग आधी मेसमध्ये जाऊन बसा

एमएस्सीला मी हॉस्टेलमधल्या कांजिण्यांच्या साथीवर प्रोजेक्ट केला, इथे पुण्यातच, आणि आता ज्युनियर पोरं सारखी विचारतात की सुरुवात कुठून करायची, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

गणिताला घाबरू नका. साथ कशी पसरते ते दाखवणारं एसआयआर मॉडेल १९२७ चं, कर्मॅक आणि मॅकेन्ड्रिकचं. लागण होऊ शकेल असे, झालेले आणि बरे झालेले, तीन गट, तीन इक्वेशन्स, बास. त्या पेपरमध्ये पडताळणीला घेतलेले आकडे मुंबईतल्या १९०५-०६ च्या प्लेगचे आहेत, म्हणजे विषय आपल्याच घरचा. पायथनमध्ये सायपाय ही गणिताची लायब्ररी घेतली की ग्राफ पटकन येतो.

खरी मजा कंट्रोल, म्हणजे साथ रोखायचे उपाय, मॉडेलमध्ये घातल्यावर. समजा एक आजारी पोरगा रोज सरासरी ०.४ जणांना लागण देतो आणि ५ दिवस देत राहतो, म्हणजे आरनॉट (एका पेशंटकडून सरासरी किती जणांना लागण होते तो आकडा, १ च्या खाली गेला की साथ विझते) २. त्याला २ दिवसांनी वेगळं ठेवलं तर ०.८, साथ विझते, ३ दिवसांनी ठेवलं तर १.२, म्हणजे चालूच! एका दिवसाचा खेळ आहे सगळा. त्यात कांजिण्या पुरळ यायच्या १-२ दिवस आधीपासूनच पसरतात, त्यामुळे फोड दिसल्यावर खोली बदलणं हा उपाय कागदावर वाटतो तेवढा भारी नाही.

दुसरं म्हणजे एसआयआर धरून चालतं की सगळे सगळ्यांना सारखेच भेटतात. असं कुठे असतं? रूममेट, प्रॅक्टिकलची बॅच, मेसमधलं ठरलेलं टेबल, आणि पीएमपीएमएलच्या बसने घरी जाणारी पोरं तर वेगळीच. म्हणून टाइमटेबल आणि मेसच्या वेळा मिळवा, गट पाडा, जमलं तर पायथनच्याच नेटवर्कएक्स लायब्ररीत कोण कोणाला भेटतं त्याचं नेटवर्क बनवा, आणि दिवाळीच्या सुट्टीत हॉस्टेल रिकामं होतं ते पण घाला. आजारपणाचा खरा डेटा हवा असेल तर एथिक्स कमिटीचा अर्ज पहिल्याच महिन्यात टाका, ते प्रकरण रेंगाळतं.

लोकसंख्या छोटी असली की स्टोकॅस्टिक रन्स कराच, म्हणजे लागण योगायोगावर सोडून तेच मॉडेल पुन्हा पुन्हा चालवा. अगदी साध्या मॉडेलमध्ये आरनॉट २ असूनही एका पेशंटपासून सुरू झालेली साथ निम्म्या वेळा आपोआप संपते, इक्वेशन्सच्या गुळगुळीत ग्राफमध्ये हे दिसतच नाही.

आणि रेक्टर सरांना आरनॉटशी काही घेणंदेणं नसतं, ते विचारणार की आजारी पोरांना वेगळं ठेवायला खोल्या किती रिकाम्या ठेवू. तो आकडा काढून ठेवा, पण एकच नको, सगळ्या रन्समधली रेंज सांगा.