कर्णोपकर्णी: किशोर वाचकांचा ऑनलाइन कट्टा उभारताना

प्रकाशनसंस्थेच्या मार्केटिंगमध्ये नव्यानं आलेल्या माणसाकडे एक काम हमखास येतं. "मुलांचा एक ग्रुप काढ, पुस्तकाची चर्चा होऊ दे." सांगणाऱ्याला ते अर्ध्या दिवसाचं काम वाटत असतं. ग्रुप खरंच पाच मिनिटांत निघतो. मग त्यात मुखपृष्ठ पडतं, 'आजच मागवा' पडतं, दोन-चार अंगठे येतात आणि काही दिवसांत तिथे आपण एकटेच बोलत उरतो. किशोरवयीन वाचकांचे असे कट्टे उभारणं आणि चालवणं हे माझं रोजचं काम आहे. या क्षेत्रात येऊ पाहणारे मला नेहमी एकच विचारतात, सुरुवात कुठून करायची? तेवढ्यासाठी हे लिहितेय.

१३ ते १९ वयाच्या वाचकाला पुस्तक आपण विकत नाही. त्याला ते त्याच्याच वयाचं कुणीतरी सांगतं. हे मुलांपुरतं खरं आहे असंही नाही. माध्यमांतला संदेश आधी मोजक्या माणसांपर्यंत जातो आणि त्यांच्या बोलण्यातून इतरांपर्यंत झिरपतो, असं एलिहू कॅट्झ आणि पॉल लाझर्सफेल्ड या समाजशास्त्रज्ञांनी १९५५ सालीच मांडलं होतं. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये त्यात मोलाची भर घातली. नवी माहिती आपल्याला जिवलग मित्रांकडून कमी मिळते आणि तोंडओळखीच्या माणसांकडून जास्त, कारण जिवलगांना जे माहीत असतं ते बहुधा आपल्यालाही माहीत असतंच. आमच्या कामात याचा सरळ उपयोग होतो. एकाच वर्गातल्या पाच मैत्रिणी गटात घेतल्या की गप्पा रंगतात, पण त्या पाचही जणी तीच तीन पुस्तकं फिरवत राहतात. त्याऐवजी वेगवेगळ्या शाळांतली, वेगवेगळ्या आवडीची मुलं घ्यावीत. भयकथा वाचणाऱ्याच्या शेजारी कविता वाचणारी बसली की खरी देवाणघेवाण सुरू होते. ऑनलाइन कट्ट्याचा फायदा नेमका हा आहे, एरवी कधीच न भेटणारी मुलं तिथे एकत्र येतात.

आता किचकट भाग. तो आधी उरका, कारण नंतर सुधारता येत नाही. डिस्कॉर्ड (गटात गप्पा मारायचं अ‍ॅप), इन्स्टाग्राम यांची वयाची अट १३ आहे, म्हणून १३ वर्षांच्या मुलाला घेतलं की झालं, असं नवखे धरून चालतात. अ‍ॅपची अट वेगळी, कायदा वेगळा. अमेरिकेचा १९९८ चा कोपा कायदा १३ वर्षांखालच्या मुलांची माहिती गोळा करण्याआधी पालकांची संमती मागतो. युरोपच्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्यात ही मर्यादा १६ आहे आणि सदस्य देशांना ती १३ पर्यंत खाली आणता येते. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात तर १८ वर्षांखालचा प्रत्येक जण बालक धरला आहे. पालकांची पडताळता येईल अशी संमती त्यात मागितली आहे आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना नेमक्या जाहिराती दाखवायला मनाई केली आहे. तुमच्या गटात कुठली मुलं आहेत त्यावर कुठला नियम लागू होईल ते ठरतं, आणि संस्थेच्या वकिलाला विचारल्याशिवाय पहिला फॉर्म बाहेर जाऊ द्यायचा नाही.

फॉर्मवर काय नको, याची यादी मी जास्त महत्त्वाची मानते. शाळेचं नाव नको, जन्मतारीख नको, फोटो तर नकोच. टोपणनाव, वयोगट आणि संमतीसाठी पालकांचा ई-मेल एवढ्यात काम भागतं. मार्केटिंगमधले सहकारी "आणखी दोन रकाने टाक ना, पुढे उपयोगी पडतील" म्हणतात. ते ऐकायचं नाही. दुसरा नियम मोठ्यांसाठी: कुठल्याही मुलाशी खासगी संदेशातून बोलायचं नाही आणि कट्ट्यावरच्या प्रत्येक खोलीत, म्हणजे चर्चेच्या उपगटात, दोन मोठी माणसं असलीच पाहिजेत. एखाद्या मुलीनं खासगीत काही विचारलं तर उत्तर द्यायचं, पण ते दुसऱ्या जबाबदार व्यक्तीला दिसेल अशा ठिकाणी. सुरुवातीला हे अवघडल्यासारखं वाटतं. पुढे याच नियमामुळे पालक निर्धास्त राहतात आणि आपणही.

किती मुलं घ्यायची? पंचवीस-तीस पुरेत. जाहिरात देऊन हजार जण गोळा करता येतात, पण हजार अनोळखी मुलं एकमेकांसमोर तोंड उघडत नाहीत. पहिली मुलं शोधायची ती ग्रंथपालांकडून, भाषेच्या शिक्षकांकडून, आणि लेखकांना आपणहून पत्रं लिहिणाऱ्या वाचकांतून. ग्रंथपालाला 'हुशार मुलं सांगा' म्हणू नका, ते मार्क पाहून नावं देतील. 'पुस्तक परत करताना तुमच्याशी वाद घालतं असं कोण आहे?' असं विचारा.

संकेतस्थळं लोक कशी वापरतात याचे अभ्यासक जेकब नील्सन यांचं २००६ सालचं एक निरीक्षण या धंद्यात सगळ्यांना पाठ असतं. ऑनलाइन गटात साधारण १०० पैकी ९० जण नुसते वाचतात, ९ अधूनमधून बोलतात आणि १ जण सतत बोलतो. लहान, निवडून जमवलेल्या गटात प्रमाण बरंच बरं असतं, पण दिशा तीच. नवखे लोक त्या गप्प ९० जणांमागे लागतात, 'तुम्ही काहीच बोलत नाही' म्हणून टोचतात. कशाला? गप्प बसलेली मुलगीच दुसऱ्या दिवशी ते पुस्तक ग्रंथालयात मागते आणि आपल्या वर्गात चार जणींना सांगते. तिचं बोलणं आपल्या कट्ट्यावर होत नाही एवढंच.

मग बोलणं सुरू कसं होतं? इथेच या कामातलं खरं कसब आहे. 'पुस्तक कसं वाटलं?' या प्रश्नाला 'छान' एवढंच उत्तर येतं, कारण त्याला परीक्षेतल्या प्रश्नाचा वास आहे. 'लेखकाला काय सांगायचं आहे?' हा त्याहून वाईट. ज्याचं उत्तर बरोबर किंवा चूक असूच शकत नाही, तो प्रश्न चालतो. कुठल्या पानावर तुम्हाला या मुलाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली? बहिणीनं डायरी वाचली ते बरोबर केलं का? शेवट तुमच्या हातात असता तर कुणाला वाचवलं असतं? असे प्रश्न पडले की 'छान' म्हणणारी मुलं परिच्छेद लिहायला लागतात. आणि प्रश्न आठवड्याला एकच. रोज प्रश्न टाकणारा गटचालक हा शिक्षक होतो.

त्याहून चांगलं म्हणजे प्रश्न आपण टाकूच नये. आमच्या कट्ट्यावर एका मुलीनं एकदा पुस्तकाच्या पानाचा फोटो टाकला. शेवटच्या दोन ओळींवर तिनं अंगठा ठेवला होता. खाली लिहिलं होतं, "झाकलंय ते विचारू नका, मी अजून सावरले नाहीये." बाकी काही नाही. पुस्तकाचं नाव सुद्धा तिनं लिहिलं नव्हतं. पुढचा तासभर सगळे त्या नावासाठी तिच्या मागे लागले होते, एकानं पानावरच्या अक्षरांच्या वळणावरून प्रकाशक ओळखायचा प्रयत्न केला. तिनं नाव सांगितलं रात्री, झोपण्याआधी. पुस्तक आमचं नव्हतं, दुसऱ्या प्रकाशकाचं होतं. अशा वेळी वरिष्ठांचा चेहरा पडतो, पण ते चालवून घ्यावंच लागतं. फक्त आपल्याच पुस्तकांबद्दल बोलायची मुभा असलेल्या गटाला मुलं दुकान समजतात, आणि दुकानात कुणी गप्पा मारायला येत नाही. दुसऱ्यांच्या पुस्तकांवर मनमोकळं बोलणारी मुलं आपल्या पुस्तकाला चांगलं म्हणतात तेव्हाच त्या बोलण्याला वजन येतं. अंगठ्यानं ओळी झाकून फोटो टाकायची मात्र नंतर तिथे रीतच पडली.

प्रकाशनाआधी दिल्या जाणाऱ्या प्रती हा या कामातला सर्वांत मोहाचा भाग. पुस्तक बाजारात येण्याआधी हातात पडणं मुलांना फार आवडतं. पण प्रत देताना काय बोलतो याला महत्त्व आहे. 'आवडलं तर लिही' म्हणालात की न आवडलेली मुलं गप्प बसतात, आणि 'लिहावंच लागेल' म्हणालात की खोटं लिहितात. 'वाच, आणि वाटलं तर जे वाटलं ते लिही' एवढंच म्हणायचं. शिवाय प्रत फुकट मिळाली हे लिहिताना उघड सांगायचं, हे मुलांना पहिल्या दिवशी शिकवायचं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या सूचना तसं सांगतात, भारतातल्या जाहिरात मानक परिषदेनंही २०२१ मध्ये समाजमाध्यमांवरच्या प्रभावकांसाठी (इन्फ्लुएन्सर) तशाच सूचना काढल्या. १४ वर्षांच्या मुलाला या संस्थांशी देणंघेणं नसतं. पण 'तुझ्या मित्राला नंतर कळलं की तुला फुकट मिळालं होतं, तर तो तुझ्यावर पुन्हा विश्वास ठेवेल का?' हे त्याला लगेच समजतं.

वाईट बोलणं पुसायचं नाही. एका जाड कादंबरीबद्दल एका मुलानं लिहिलं होतं, "पहिली ऐंशी पानं कंटाळा. नंतर फोन बंद करून ठेवला." पहिलं वाक्य काढून दुसरं तेवढं जाहिरातीत घेऊया, असा आग्रह झाला. मी दोन्ही वाक्यं ठेवायला लावली. ऐंशी पानं दम धरा हा मित्राचा सल्ला वाटतो. नुसतं 'फोन बंद करून ठेवला' ही जाहिरात वाटते. आणि हो, मुलाचं वाक्य जाहिरातीत वापरायचं तर त्याची आणि पालकांची परवानगी दरवेळी वेगळी घ्यायची, गटात सामील होतानाची संमती तिथे चालत नाही.

लेखकाला कट्ट्यावर कधी आणावं, यावर आमच्यात कायम वाद असतो. माझं मत पक्कं आहे: ठरवून, तासाभरासाठी, वेगळ्या खोलीत. लेखक कायमचा गटात बसला की मुलं पाहुण्यांसमोर बसवल्यासारखी शहाणी होतात. खरी चर्चा दुसरीकडे कुठेतरी सुरू होते, आणि तिकडे आपल्याला बोलावणं नसतं.

नियम मुलांनाच करू द्या. आमच्या नियमावलीत मी 'सभ्य भाषा वापरा' असं काहीतरी गुळगुळीत लिहिलेलं होतं. मॉडरेटर, म्हणजे गटावर लक्ष ठेवणारा, झालेल्या एका १६ वर्षांच्या मुलानं ते खोडून लिहिलं, "पुस्तकाला काहीही बोला. वाचणाऱ्याला नाही." यावर माझ्याकडे भर घालण्यासारखं काही नव्हतं. स्पॉयलरबद्दलही, म्हणजे कथेतलं गुपित आधीच फोडण्याबद्दल, त्यांनीच ठरवलं, पहिल्या तीन प्रकरणांपुढचं सगळं झाकून टाकायचं. वाद मिटवण्याचं काम मात्र मुलांवर सोडू नका, ते पगारी मोठ्या माणसाचं काम आहे.

एक गोष्ट नोकरीच्या जाहिरातीत कधी लिहिलेली नसते. या वयासाठीच्या पुस्तकांत मृत्यू, छळ, नैराश्य हे विषय येतात, आणि चर्चा करता करता एखादं मूल स्वतःबद्दल लिहून जातं. तेव्हा काय करायचं हे आधी कागदावर उतरवलेलं हवं. कुणाला कळवायचं, कुठल्या मदतवाहिनीचा क्रमांक द्यायचा, रात्री उशिरा संदेश आला तर कोण जागं असेल, सगळं. आपण समुपदेशक नाही, तसं बनायलाही जायचं नाही. पण 'उद्या बघू' हे उत्तर चालत नाही. संस्थेकडे अशी व्यवस्था नसेल तर रात्री गट बंद ठेवा. मुलं कुरकुरतील, चालेल.

वरिष्ठांना आकडे हवे असतात. सदस्यसंख्या दाखवणं सर्वांत सोपं आणि सर्वांत निरुपयोगी. मी तीन गोष्टी लिहून ठेवते: आम्ही विषय न काढता पुस्तकाचं नाव कितीदा निघालं, ग्रंथालयांत त्याच्यासाठी नंबर लागलेत का, आणि नवीन येणाऱ्या मुलाला 'इथलं कुणी सांगितलं?' असं विचारल्यावर तो काय म्हणतो. तिसऱ्याचं उत्तर 'मैत्रिणीनं' येऊ लागलं की गाडी रुळावर आहे. यात एक अडचण आहे. विक्री विभाग पहिल्या काही आठवड्यांचे आकडे पाहून पुस्तकाचा निकाल लावतो, तर कर्णोपकर्णी होणारी विक्री उशिरा सुरू होते. २०२० नंतर टिकटॉकवरच्या 'बुकटॉक'मुळे, म्हणजे वाचकांनी पुस्तकांवर केलेल्या छोट्या व्हिडिओंमुळे, बऱ्याच वर्षांपूर्वी छापलेली पुस्तकं पुन्हा खपाच्या याद्यांत चढली, हे त्याचं ठळक उदाहरण. त्यामुळे कट्ट्यावर एखाद्या जुन्या पुस्तकाची कुजबुज सुरू झाली की पहिला फोन उत्पादन विभागाला करा: गोदामात प्रती किती आहेत? चर्चा तापलेली असताना पुस्तक मिळालं नाही, तर मुलं पुढच्या पुस्तकाकडे निघून जातात.

अ‍ॅपवरही फार जीव जडवू नका. किशोरवयीनांच्या वाचन-लेखनासाठी २०१० मध्ये सुरू झालेलं फिगमेंट हे संकेतस्थळ २०१३ मध्ये रँडम हाउसनं विकत घेतलं आणि पुढे ते नाव मागे पडलं. त्याच वर्षी गुडरीड्स हे पुस्तकांवर मतं मांडायचं संकेतस्थळ अ‍ॅमेझॉनकडे गेलं. जागा भाड्याची असते. मुलंही जातात, हे तर गृहीतच आहे. १९ व्या वर्षी त्यांना कट्टा लहान मुलांचा वाटू लागतो. म्हणून दरवर्षी नवी मुलं घ्यायची आणि जुन्यांतल्या दोघा-तिघांना त्यांची ओळख करून द्यायला सांगायचं.

या कामासाठी मुलाखतीला जाणार असाल तर पदव्यांपेक्षा एक छोटा गट चालवून दाखवा. दहा-बारा वाचक, दोन-तीन महिने, एखाद्या ग्रंथालयाच्या मदतीनं. मुलाखतीत सदस्यांचा आलेख न्यायची गरज नाही. एका पुस्तकावर झालेलं एक संभाषण न्या, तुम्ही काय विचारलंत आणि कुठे गप्प राहिलात ते दिसेल असं. मुलांची टोपणनावंसुद्धा त्यावर झाकलेली असू द्या. मुलाखत घेणारा जाणकार असेल तर सर्वांत आधी तेच बघेल.