लांबलेले युद्ध आणि नफरीचे गणित: या चुका टाळा

पायदळातून निवृत्त होऊन गोव्यातल्या डिचोलीला परतल्यापासून मी महाविद्यालयीन मुलामुलींसाठी दर रविवारी नकाशावरचा युद्धसराव घेतो. टेबलावर नकाशा असतो, त्यावर काजूच्या बिया मांडलेल्या असतात आणि एक बी म्हणजे दहा जवान. युद्ध किमान सहा महिने चालणार, एवढीच माझी अट असते. दरवर्षी नवी मुले येतात आणि त्याच चुका करतात.

युद्ध लवकर आटोपेल असे गृहीत धरणे ही त्यातली पहिली चूक. आपल्याकडे ती समजण्यासारखी आहे, कारण डिसेंबर 1961 मधील गोव्याच्या मुक्तीची कारवाई सुमारे 36 तासांत संपली, 1971 चे युद्ध 13 दिवसांत संपले आणि घरोघरी त्याच आठवणी सांगितल्या जातात. रशियाने मात्र फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनवर आक्रमण केले आणि 21 सप्टेंबरलाच त्याला 3 लाख राखीव माणसे बोलावण्याची घोषणा करावी लागली. म्हणून मी मुलांकडून सहाव्या महिन्याचे कोष्टक आधी भरून घेतो आणि पहिल्या दिवसाचे नंतर.

कागदावरची नफरी, म्हणजे जवानांची संख्या, हीच लढणारी नफरी समजणे, ही चूक अधिक घातक आहे. 800 जणांच्या पलटणीत स्वयंपाकी, चालक, कारकून, सिग्नलवाले, तोफगोळे वाहणारे असे सगळे असतात. चार रायफल कंपन्यांतील 36 सेक्शन, म्हणजे लढणाऱ्या छोट्या तुकड्या, प्रत्येकी 10 जवान, म्हणजे शत्रूसमोर प्रत्यक्ष उभे राहणारे 360. अशा पलटणीचे 160 जवान पडले तर मुले ‘20 टक्के हानी’ लिहून पुढे जातात. पण त्यांतील 140 रायफल सेक्शनमधले असतील, तर धारेवरचे सुमारे 39 टक्के बळ गेलेले असते आणि लंगर, म्हणजे जेवणाची जागा, मात्र पूर्वीइतकाच भरलेला दिसतो. सेक्शन मोजा, पलटणी मोजू नका.

आता ज्या चुकीचा मला सर्वाधिक त्रास होतो ती. गेल्या डिसेंबरच्या सरावात एका गटाचे नेतृत्व अतिशय हुशार मुलीकडे होते. 45 व्या दिवशी नदीच्या उताराजवळ, म्हणजे नदी पायी ओलांडता येते तिथे, फळी फुटू लागली, तेव्हा तिने ‘उस्ताद’ लिहिलेल्या डब्यातून, म्हणजे प्रशिक्षण केंद्रातील शिक्षकांतून, बारा बिया उचलून तिथे ठेवल्या. फळी टिकली आणि गटाने टाळ्या वाजवल्या. दोन आठवड्यांत त्या बाराही बिया नकाशावरून उतरल्या. चौथ्या महिन्यात रंगरुटांचा, म्हणजे नव्याने भरती झालेल्यांचा, डबा काठोकाठ भरला होता आणि त्यांना शिकवायला एकही बी उरली नव्हती. ती बराच वेळ दोन्ही डब्यांकडे पाहत राहिली, मग म्हणाली, “सर, तेव्हा उतार सोडून मागे सरायला हवे होते.” तिचे म्हणणे बरोबर होते.

1942-43 च्या हिवाळ्यात स्टालिनग्राडला हवाई रसद पोहोचवण्यासाठी जर्मनीने उड्डाणशाळांतील विमाने आणि शिक्षक असेच ओढून घेतले, आणि त्याची किंमत पुढच्या शिकाऊ वैमानिकांच्या तुकड्यांनी मोजली. चांगला उस्ताद घडायला दहा-बारा वर्षांची नोकरी लागते. त्याला आजची भोके बुजवायला वापरणे हा आडमार्ग मला मान्य नाही. आता त्या डब्याला मी सुतळीची गाठ मारून ठेवतो आणि ती मला विचारल्याशिवाय सोडू देत नाही.

जुन्या पलटणी पोकळ ठेवून नव्या उभारू नका. ऑगस्ट 1944 मध्ये ब्रिटनने फ्रान्समधील नॉर्मंडीत आपली 59 वी डिव्हिजनच, म्हणजे अनेक पलटणींचे अख्खे दलच, मोडली आणि तिच्या माणसांनी इतर तुकड्या भरल्या, ते कटू असले तरी योग्य होते. नवा जवान ऐन लढाईत एकटा पाठवू नका, कारण सेक्शनमध्ये त्याचे नावही कोणाला ठाऊक नसते. जखमींना लगेच ‘परत आले’ असे धरू नका. ड्रोनच्या नजरेखालच्या वाटेवर त्यांना मागे आणायलाच कित्येक तास जातात.

उरली विश्रांती. युक्रेनने एप्रिल 2024 मध्ये युद्धभरतीचे किमान वय 27 वरून 25 वर आणले, पण त्याच महिन्यात संमत झालेल्या कायद्यातून 36 महिन्यांच्या सेवेनंतर घरी सोडण्याची प्रस्तावित तरतूद वगळली गेली. खंदकातल्या माणसाला परतीची तारीखच नसेल, तर तो शरीराने तिथे असूनही हळूहळू संपत जातो. म्हणून माझ्या सरावात बियांच्या प्रत्येक ओळीजवळ एक चिठ्ठी असते आणि तिच्यावर ती ओळ मागे येण्याची तारीख लिहावी लागते. तारीख नसलेला आराखडा मी न वाचताच परत करतो.