मेटालिकाची चार दशकं शेजारी ठेवून कशी ऐकावीत

मेटालिका या अमेरिकी हेवी मेटल बँडचं ऐंशीच्या दशकातलं संगीत सरस की नंतरचं, हा वाद रॉक ऐकणाऱ्यांच्या कट्ट्यावर हमखास निघतो आणि त्याचा निकाल कधी लागत नाही. कारण वाद घालणारे एकाच गोष्टीबद्दल बोलत नसतात. एक जण गाण्यांच्या रचनेबद्दल बोलतो, दुसऱ्याच्या कानात 'सेंट अँगर' या अल्बममधला स्नेअर ड्रम ठणठणत असतो, तिसऱ्याला 'डेथ मॅग्नेटिक' पूर्ण ऐकल्यावर डोकं भणभणल्याचं आठवतं. रचना, वादन, मिक्स (कुठलं वाद्य किती वर, किती खाली) आणि मास्टरिंग (तयार मिक्सवरचा शेवटचा हात, ज्यात एकूण आवाज ठरतो) हे चार वेगळे थर आहेत. ते सुटे करून ऐकले तरच तुलनेला अर्थ उरतो.

आधी दशकं विसरा

कॅलेंडरप्रमाणे गट पाडले की पहिलीच चूक होते. 'अँड जस्टिस फॉर ऑल' (१९८८) आणि काळ्या मुखपृष्ठाचा 'मेटालिका' (१९९१) यांच्यात जेमतेम तीन वर्षं आहेत, पण या बँडच्या संगीतातली सगळ्यात मोठी फट तिथेच आहे. उलट २००८ ते २०२३ ही पंधरा वर्षं रचनेच्या दृष्टीने बरीच सलग आहेत.

गट पाडायचे ते निर्माता आणि बेसवादक बघून. 'किल एम ऑल' (१९८३) हा पहिला अल्बम वेगळा ठेवा. 'राइड द लाइटनिंग' (१९८४), 'मास्टर ऑफ पपेट्स' (१९८६) आणि 'जस्टिस' हे तिन्ही फ्लेमिंग रासमुसेन यांच्याबरोबर केलेले. मात्र सप्टेंबर १९८६ मध्ये स्वीडनमधल्या बस अपघातात बेसवादक क्लिफ बर्टन गेला, त्यामुळे 'जस्टिस'वर बेस जेसन न्यूस्टेडचा आहे. १९९१ ते २००३ हा बॉब रॉक यांचा काळ. त्याचे तीन तुकडे करावे लागतात: काळा अल्बम, मग 'लोड' (१९९६) आणि 'रीलोड' (१९९७), आणि शेवटी 'सेंट अँगर' (२००३), ज्यात बेस खुद्द रॉक यांनी वाजवला आहे. 'डेथ मॅग्नेटिक' (२००८) रिक रुबिन यांचा. 'हार्डवायर्ड टू सेल्फ-डिस्ट्रक्ट' (२०१६) आणि '७२ सीझन्स' (२०२३) ग्रेग फिडेलमन यांच्याबरोबरचे. २००८ पासूनच्या अल्बमवर बेस रॉबर्ट त्रुहियोचा आहे.

कोणती आवृत्ती ऐकताय ते तपासा

स्ट्रीमिंगवर 'किल एम ऑल' लावला की १९८३ चा आवाज ऐकतोय असं वाटतं. प्रत्यक्षात पहिल्या दोन अल्बमचं रीमास्टरिंग २०१६ मध्ये झालं, 'मास्टर'चं २०१७, 'जस्टिस'चं २०१८ आणि काळ्या अल्बमचं २०२१ मध्ये. गाण्याच्या नावापुढे 'रीमास्टर्ड' लिहिलेलं असेल तर मास्टरिंगबद्दल निष्कर्ष काढू नका. रचना आणि वादनासाठी ती प्रत चालते. मास्टरिंगच तोलायचं असेल तर जुनी सीडी मिळवा. 'किल एम ऑल'ची १९८८ ची आवृत्ती हाती लागली, तर शेवटची 'ॲम आय ईव्हल' आणि 'ब्लिट्झक्रीग' ही दोन गाणी बाजूला काढा. ती दुसऱ्या बँड्सची गाणी आहेत आणि मूळ अल्बमवर नव्हती.

रीमास्टर म्हणजे रीमिक्स नव्हे, हेही लक्षात असू द्या. 'जस्टिस'चा बेस २०१८ च्या आवृत्तीतही वर आलेला नाही, कारण तो मिक्समध्येच दाबलेला आहे.

आवाज समान करा

ही पायरी गाळली तर बाकी सगळी मेहनत वाया जाते. दोन तुकड्यांतला किंचित मोठा तुकडा कानाला आपोआप जास्त दमदार आणि स्पष्ट वाटतो. १९८६ ची सीडी आणि २००८ ची सीडी एकाच व्हॉल्यूमवर लावली तर २००८ ची कितीतरी मोठी वाजते.

ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. प्रत्येक गाण्यातून ३० सेकंदांचा तुकडा कापा, सगळे सारख्या जागेचे: पहिलं कडवं, किंवा पहिलं ध्रुवपद. मग 'लाउडनेस नॉर्मलायझेशन' हा इफेक्ट निवडून प्रत्येक तुकडा उणे २३ एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) आणा. इतक्या खाली का, तर जुन्या अल्बममध्ये ड्रमचे ठोके सरासरी आवाजाच्या खूप वर उसळतात. उणे १४ वर आणायला गेलात तर तेच ठोके छताला लागून फाटू शकतात.

इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली, नुसतं 'नॉर्मलाइझ' वापरणं. तो इफेक्ट फक्त सर्वोच्च टोकं जुळवतो, कानाला जाणवणारा आवाज नाही, त्यामुळे 'डेथ मॅग्नेटिक' मोठाच राहतो. दुसरी, आधी अख्खं गाणं समान करून मग तुकडा कापणं. 'वन'ची सुरुवात हळू आहे. तिच्यामुळे गाण्याची सरासरी खाली येते आणि शेवटचा जड भाग वाजवीपेक्षा मोठा होतो. आधी कापा, मग समान करा.

ऐकायला वायरचा हेडफोन बरा. फोनमधला इक्वलायझर, बास बूस्ट, ॲटमॉस सगळं बंद.

चौथं गाणं

रचनेची तुलना करायला या बँडनं स्वतःच एक सोय करून ठेवली आहे. बऱ्याच अल्बमवर चौथ्या क्रमांकाला संथ सुरुवातीचं किंवा उदास गाणं येतं: 'फेड टू ब्लॅक' (१९८४), 'वेलकम होम' (१९८६), 'वन' (१९८८), 'द अनफरगिव्हन' (१९९१), 'अनटिल इट स्लीप्स' (१९९६), 'द अनफरगिव्हन टू' (१९९७), 'द डे दॅट नेव्हर कम्स' (२००८). एकाच जागेवरची सात गाणी, चोवीस वर्षं. सगळी डिस्कोग्राफी ऐकायला वेळ नसेल तर एवढी सात ऐका.

प्रत्येक गाण्यासाठी कागदावर एक आडवी रेघ ओढा आणि घड्याळ बघत खुणा करा: स्वच्छ गिटार कुठे संपते, डिस्टॉर्शन (गिटारचा फाटका, खरखरीत आवाज) कुठे येतं, लय दुप्पट कुठे होते, मुख्य सोलो कुठे सुरू होतो, आणि सोलोनंतर गाणं पुन्हा कडव्याकडे येतं की तसंच संपतं. पहिल्या तिघांच्या रेघा एकमेकींवर ठेवल्या तर साचा दिसतो: मऊ कडवं, जड उत्तर, मग उत्तरार्ध वेग घेतो आणि सहसा परत फिरत नाही. 'फेड टू ब्लॅक'मध्ये तर शब्दांचं ध्रुवपदच नाही. त्या जागी जड रिफ, म्हणजे गिटारची पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून, येते. 'वन'मध्ये हाच साचा साडेसात मिनिटांपर्यंत ताणला आहे, आणि उत्तरार्धातला दोन्ही पायांनी वाजवलेल्या बेस ड्रमचा मारा हे सगळ्या गाण्याचं गंतव्य आहे.

१९९१ मध्ये साचा मुद्दाम उलटवला. 'द अनफरगिव्हन'मध्ये कडवं जड आणि ध्रुवपद मऊ. शिवाय सोलोनंतर ध्रुवपद परत येतं. 'अनटिल इट स्लीप्स' साडेचार मिनिटांत आटोपतं. आणि २००८ मध्ये 'द डे दॅट नेव्हर कम्स' पुन्हा जुन्या साच्यावर येतं: मऊ कडवं, जड उत्तर, वेगवान वाद्यांचा लांब उत्तरार्ध, आठ मिनिटांच्या आसपास लांबी. बँड मुळांकडे परतला असं मोघम म्हणण्यापेक्षा या गाण्याची रेघ 'वन'च्या रेघेखाली ठेवणं जास्त बोलकं आहे. माझ्या मते २००८ चं गाणं जोडकामात कमी पडतं. 'वन'मध्ये प्रत्येक भाग पुढच्याला जन्म देतो; इथे उत्तरार्ध चांगला असूनही शेजारी आणून ठेवल्यासारखा वाटतो. तुमचं मत वेगळं झालं तर तेही रेघेवर बोट ठेवून सांगता येईल.

'सेंट अँगर', 'हार्डवायर्ड' आणि '७२ सीझन्स'वर चौथ्या जागेची ही परंपरा नाही. नसणं हीसुद्धा नोंद आहे, ती लिहा.

लांबीचा हिशेब

अल्बमची एकूण मिनिटं भागिले गाणी, एवढंच. 'किल एम ऑल' सरासरी सव्वापाच मिनिटांच्या आत, 'राइड' सहाच्या जवळ, 'मास्टर' पावणेसातच्या पुढे, 'जस्टिस' सव्वासात. १९९१ ला धाडकन सव्वापाच. 'सेंट अँगर' पुन्हा पावणेसातच्या पुढे आणि 'डेथ मॅग्नेटिक' साडेसातच्या घरात, म्हणजे 'जस्टिस'पेक्षाही जास्त.

पण आकड्यामागचं माध्यमही बघा. एलपीच्या एका बाजूला साधारण २२ ते २५ मिनिटं नीट मावतात; 'जस्टिस' ६५ मिनिटांचा झाला म्हणून विनाइलवर दोन तबकड्या लागल्या. 'लोड' ७९ मिनिटांचा, म्हणजे सीडी काठोकाठ भरलेली. 'द आउटलॉ टॉर्न' हे शेवटचं गाणं त्यासाठी सुमारे मिनिटभर कापावं लागलं आणि पूर्ण रूपात पुढे एका सिंगलवर आलं. त्यामुळे त्याच्या शेवटाबद्दल मत बनवायचं तर लांब रूप ऐका.

लय आणि उजवा हात

१५ सेकंदांत किती ठोके पडतात ते मोजा, चारने गुणा. असं गाण्यात तीन ठिकाणी करा. 'एंटर सँडमन' १२३ च्या आसपास येतं. 'मास्टर ऑफ पपेट्स' कुणी १०६ मोजतो, कुणी २१२. दोघंही बरोबर असतात, एकानं अर्ध्या लयीत धरलेलं असतं. सगळ्या गाण्यांसाठी एकच नियम ठेवा: दोन स्नेअरच्या मध्ये एक मात्रा. अर्ध्या लयीचे भाग वेगळे नोंदवा.

'मास्टर'च्या कडव्यात आणखी एक खाच आहे. चौथं आवर्तन अपुरं आहे, सम अपेक्षेआधी येते. टाळी देत ऐकलंत तर तिथे हात हमखास चुकतो. अशा जागा प्रत्येक अल्बममध्ये किती सापडतात ते मोजा. 'जस्टिस'वर त्या भरपूर आहेत, काळ्या अल्बमवर अगदी कमी.

नुसता आकडा मात्र पुरत नाही. २१२ च्या लयीत 'मास्टर'ची मुख्य रिफ गायक-गिटारवादक जेम्स हेटफिल्ड सगळी डाउनस्ट्रोकने, म्हणजे फक्त वरून खाली फटके मारत, वाजवतो, सेकंदाला सुमारे सात स्ट्रोक. प्रत्येक स्ट्रोक सारख्या वजनाचा पडतो तो त्यामुळेच.

पट्टी शोधणं

सगळ्यात खालची तार मोकळी वाजते अशी जागा शोधा आणि तिथला अर्धा-एक सेकंद ऑडॅसिटीच्या 'प्लॉट स्पेक्ट्रम'मध्ये टाका, साइझ १६३८४. शिखर ८२ हर्ट्झजवळ आलं तर स्टँडर्ड ई (गिटारचं नेहमीचं ट्यूनिंग), ७८ जवळ आलं तर अर्धा स्वर खाली, ७३ म्हणजे पूर्ण स्वर खाली, ६५ म्हणजे सी. सगळ्यात उंच शिखर १६५ वर दिसलं तर फसू नका. तो दुसरा हार्मोनिक आहे, त्याच्या निम्म्यावर बघा.

ऐंशीच्या दशकात बहुतेक स्टँडर्ड ई. 'राइड द लाइटनिंग' किंचित चढा लागतो, पण ते वेगळं ट्यूनिंग नाही. काळ्या अल्बमवर 'सॅड बट ट्रू' पूर्ण स्वर खाली, 'लोड' आणि 'रीलोड' मुख्यतः अर्धा स्वर खाली, 'सेंट अँगर' बराचसा ड्रॉप सी (सगळ्यात खालची तार सी वर उतरवलेली), आणि 'डेथ मॅग्नेटिक'वर पुन्हा बहुतांशी ई. जडपणा ट्यूनिंगमधून येतो की वादनातून, हे या आकड्यांशिवाय ठरवता येत नाही. 'मास्टर' ई मध्ये असूनही ड्रॉप सी मधल्या 'सेंट अँगर'इतकाच अंगावर येतो.

मिक्स आणि मास्टरिंगचे दोष ओळखणं

'जस्टिस'चा आणि 'मास्टर'चा एकेक समान केलेला तुकडा घ्या आणि दोन्हींना १५० हर्ट्झचा लो-पास फिल्टर लावा, म्हणजे मुख्यतः त्याखालचे आवाज उरतील. 'मास्टर'मध्ये बेसची चाल ओळखू येते. 'जस्टिस'मध्ये किक ड्रम आणि गिटारची तळाची घरघर उरते, बेस जवळजवळ नाहीच. न्यूस्टेडचं वादन बऱ्याच जागी गिटारच्या रिफलाच चिकटून आहे, म्हणून ते आणखी लपतं. फिल्टर काढून आता फक्त रचना ऐका: 'ब्लॅकन्ड'च्या रिफ या बँडच्या सर्वोत्तम कामापैकी आहेत. मिक्सचा राग त्यांच्यावर काढू नये.

'सेंट अँगर'चा ठणठणाट स्नेअरखालच्या तारा सैल सोडून वाजवल्यामुळे आहे, आणि अल्बमवर एकही गिटार सोलो नाही. पहिला मुद्दा ध्वनीचा, दुसरा रचनेचा. दोन वेगळ्या रकान्यांत लिहा.

'डेथ मॅग्नेटिक'ची फाइल समान करण्याआधी उघडा, 'शो क्लिपिंग' चालू करा. लाल रेघांची दाटी दिसेल आणि लहरींची टोकं कापल्यासारखी सपाट. आवाज कमी केल्यानं ती टोकं परत येत नाहीत. याच अल्बमची 'गिटार हीरो ३' या गेमसाठी दिलेली आवृत्ती इतकी दाबलेली नव्हती, आणि मास्टरिंग करणारे टेड जेन्सन यांनी मिक्स आपल्याकडे आले तेव्हाच दाबलेले होते असं सांगितलं होतं. म्हणजे हा दोष मास्टरिंगच्या खात्यात टाकण्याआधी मिक्सचं खातं बघायचं.

एकच गाणं, वेगवेगळी वर्षं

सगळ्यात शेवटी मैफली. एकच गाणं वेगवेगळ्या वर्षी ऐकलं की रचना स्थिर राहते आणि फक्त वादन बदलतं. १९८९ ची सिॲटलची मैफल १९९३ च्या 'लाइव्ह शिट' संचात आहे, १९९९ च्या 'एस अँड एम'वर सॅन फ्रान्सिस्को सिंफनी आहे, आणि २००४ पासून बँड आपल्या मैफलींची ध्वनिमुद्रणं स्वतः विकतो. 'मास्टर ऑफ पपेट्स' किंवा 'सीक अँड डिस्ट्रॉय' यांपैकी एक निवडा. नव्वदच्या दशकात 'मास्टर' बरेचदा मधला संथ भाग गाळून वाजवलं जाई, म्हणून आधी लांबी बघा.

नव्वदच्या मध्यापासून बँड मंचावर अर्धा स्वर खाली वाजवतो. ३० ऑक्टोबर २०११ ला बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर मुंबई-पुण्याहून गेलेल्यांनी जे 'मास्टर' ऐकलं तेही अल्बमपेक्षा अर्धा स्वर खालचंच. हेटफिल्डच्या आवाजाची तुलना करताना हे विसरलात तर त्याचा आवाज वयानं उतरला असा चुकीचा निष्कर्ष निघतो. ऑडॅसिटीत 'चेंज पिच' वापरून मैफलीचा तुकडा अर्धा स्वर वर न्या, वेग तसाच ठेवा, मग १९८६ च्या शेजारी लावा.