तंबू घेऊन कोकणात निघताय? घाटावरच्यांनी या चुका टाळा

दिवाळी झाली की सातारा-सांगलीकडच्या गाड्या कोकणाकडं सुटतात. छतावर तंबू, डिकीत स्टोव्ह, भडंगाची पाकिटं आणि ग्रुपवर आधीच ठरलेलं: शुक्रवारी रात्री निघायचं, शनिवारी समुद्रावर मुक्काम, रविवारी रात्री घरी. सर्व्हिसिंगपासून मटणाच्या मसाल्यापर्यंत सगळ्याची यादी असते. तिथी मात्र कुणी बघत नाही, आणि खालच्या मुक्कामातले बहुतेक घोटाळे तिथूनच सुरू होतात.

चांदणं बघून तंबू ठोकणं

पौर्णिमेला समुद्रावर झोपायची हौस सगळ्यांनाच असते. आता हिशेब बघा. कोकण किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायची जुनी रीत अशी: तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, तितक्या वाजता पूर्ण भरती. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा. दिवसातून दोनदा भरती येते आणि दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तास जातात. जागेप्रमाणे तासभर इकडंतिकडं होतं, म्हणून नक्की वेळ हवी असेल तर त्या बंदराचं भरतीचं वेळापत्रक मोबाईलवर बघावं. अंदाजाला मात्र ही रीत पक्की आहे.

म्हणजे पौर्णिमेला सकाळी सव्वाअकराला भरती, संध्याकाळी साडेपाचला पूर्ण ओहोटी आणि रात्री बाराच्या सुमाराला परत भरती. तीही साधी नव्हे, उधाणाची. तुम्ही पोचता पाच वाजता. पुळण लांबच लांब मोकळी, पाणी कुठंतरी पार खाली. साहजिकच तंबू पाण्याजवळ लागतो. मग बारा वाजता सगळे गाढ झोपेत असताना अंथरूण ओलं होतं.

जागा निवडताना पाण्याकडं बघू नका, वाळूकडं बघा. काटक्या, फुटके शिंपले, थर्माकोल आणि बाटल्यांची आडवी रांग दिसेल. मागची भरती तिथवर आली होती. तशा दोन रांगा असतील तर वरची खरी. तिच्याही वर, चांगलं अंतर ठेवून तंबू लावा. नवख्यांनी सरळ अष्टमी-नवमीच्या आसपासचा शनिवार धरावा. तेव्हा भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही.

वर सरकताना माडाखाली मात्र जाऊ नका. नारळ पडतो, आणि वाळकी झावळीही काही हलकी नसते. सुरूच्या बनात सावली छान, पण खाली वाळक्या काड्यांचा थर असतो. तिथं शेकोटी म्हणजे आगीला आमंत्रण. पुळणीमागची वाडी बहुधा कुणाच्या तरी मालकीची असते. विचारून, चार पैसे देऊन अंगणात तंबू लावला तर पाणी आणि संडासाचाही प्रश्न सुटतो. माझं मत विचाराल तर बायकामुलं बरोबर असताना हाच मुक्काम बरा.

तंबूच्या खुंट्या आपल्या मुरमाड जमिनीत बसतात तशा वाळूत बसत नाहीत. रिकामी पिशवी वाळूनं भरा, दोरी तिला बांधा आणि ती हात-दीड हात खोल पुरा. दार थेट समुद्राकडं ठेवलं तर संध्याकाळच्या खाऱ्या वाऱ्याबरोबर वाळू आत येते, आणि पहाटे मतलई वारे जमिनीकडून उलटे वाहतात. म्हणून दार किनाऱ्याला समांतर ठेवावं. थंडीतही वरचं कापड काढू नका. दवानं सगळं भिजतं.

डिसेंबर ते एप्रिल वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. त्या काळात रात्री पुळणीवर हॅलोजन आणि मोठा स्पीकर नकोच. उजेडानं पिल्लांची दिशा चुकते आणि ती समुद्र सोडून उलट्या बाजूला चालत सुटतात.

गाडी वाळूत घालणं

रील करायला गाडी पुळणीवर नेणारे दर हंगामात अडकतात. ओली वाळू घट्ट लागते, गाडी झकास पळते, आणि वळवताना पुढचं चाक बसतं. मग सगळे मिळून एकच चूक करतात: जोरात ॲक्सिलरेटर. चाक फिरतं तितकं खाली जातं, आणि चेसिस वाळूला टेकली की माणसांच्या जोरानं काही होत नाही.

चाक फिरायला लागताच पाय काढा. सगळे उतरा, सामान उतरवा. चाकांपुढची वाळू हातानं मागं ओढून उतार करा. हवा १५ ते २० पीएसआयपर्यंत कमी करा, चाकाखाली पायपुसणी सरकवा आणि दुसऱ्या गिअरवर हळू क्लच सोडा. दोन प्रयत्नांत निघाली नाही तर हट्ट सोडा आणि गावातून ट्रॅक्टर बोलवा. ओहोटी संपल्यावर पहिला तास पाणी रेंगाळतं, त्यानंतर तिसऱ्या-चौथ्या तासाला झपाट्यानं चढतं. "अजून लांब आहे पाणी" म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

कृष्णेत पोहलोय, इथं काय

हा आत्मविश्वास सगळ्यात महाग पडतो. नदीची धार एका दिशेला जाते, थकलात तरी कुठंतरी काठाला लागता. समुद्राची ओढ काठापासून आत नेते. गणपतीपुळ्याचा किनारा त्यासाठी बदनाम आहे, पण ओढ कुठल्याही पुळणीवर लागू शकते. ओळखायची खूण फसवी आहे. दोन्हीकडं लाटा फुटताहेत आणि मधल्या पट्ट्यात पाणी शांत, जरा गढूळ दिसतंय, तर तोच पट्टा टाळायचा. मुलांना घेऊन लोक नेमके तिथंच उतरतात, कारण तिथं लाटा नसतात.

ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडं झुंजू नका. पाण्यावर तरंगा, हात वर करा, आणि किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाहेर पडा. मग लाटांबरोबर परत या. वाचवायला दुसऱ्यानं रिकाम्या हातानं उडी मारू नये. दोरी, हवा भरलेली ट्यूब, मोकळा पाण्याचा कॅन, काहीतरी तरंगणारं फेका. आणि दारू पिऊन गुडघ्याच्या वर पाण्यात जायचंच नाही.

जेवणातल्या चुका

तांबड्या रश्श्याची सवय असलेल्या जिभेला मालवणी कालवण पहिल्या घासाला सौम्य वाटतं. लगेच वरून तिखट मागू नका, ओल्या नारळाची चव त्यात जाते. बांगड्याच्या कालवणात तिरफळं असतात. ती बाजूला काढायची, चावायची नाहीत, नाहीतर जीभ बधिर होते.

दुसरी गोष्ट आधी विचारायची. गुहागर, हेदवी, गणपतीपुळ्याच्या बाजूला बऱ्याच घरगुती खानावळी शाकाहारी आहेत. सुरमईच्या आशेनं बुकिंग केलं आणि पानात वालाचं बिरडं आलं, तर चूक त्यांची नाही. (कुळथाचं पिठलं, भात आणि उकडीचा मोदक मिळत असेल तर मी स्वतः सुरमईचा आग्रह धरणार नाही.) मोदक आणि कोंबडी-वडे आदल्या दिवशी सांगावे लागतात. अडीचनंतर पोचून "काय आहे?" विचारलं तर ऑम्लेटवर भागवावं लागेल.

हर्णै बंदरात संध्याकाळी मासळीचा लिलाव होतो. तिथून घेणार असाल तर डोळे फुगीर आणि चकचकीत, कल्ले लाल, बोट दाबलं तर मांस परत वर येणारं, एवढं बघा. शिजवून कोण देणार, हे मात्र घेण्याआधी ठरवा. पापलेट महाग म्हणून चांगला, असंही काही नाही. त्या दिवशी ताजं जे आलंय ते घ्या, मग ते सौंदाळे का असेनात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, आणि पावसाळ्यात मालवणचे जलक्रीडावालेही होड्या ओढून ठेवतात.

घाट आणि परतीचा रस्ता

साताऱ्याहून उंब्रज-पाटण-कोयनानगर-कुंभार्ली, सांगलीहून रत्नागिरीला आंबा घाट, मालवणला फोंडा किंवा गगनबावडा. कुठूनही जा, पण रात्रीचा घाट टाळा. उतरताना ब्रेकवर पाय दाबून ठेवू नका. ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. तवसाळ-जयगड किंवा धोपावे-दाभोळ फेरीबोटीनं मोठा वळसा वाचतो, पण शेवटची बोट कधीची ते आधी फोन करून विचारा.

मालवणला स्कूबा (पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली बुडी, म्हणजे डाइव्ह) करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. आंबोलीचा घाटमाथा सुमारे ७०० मीटरवर आहे. डाइव्हनंतर विमान किंवा अशी उंची गाठायला किमान १२ तास द्यावेत, एकापेक्षा जास्त डाइव्ह असतील तर १८. पर्यटकांची डाइव्ह उथळ असते, धोका कमी, तरी स्कूबा शनिवारी सकाळी उरकून रविवारी घाट चढणं सोयीचं. सर्दी असेल तर स्कूबा करूच नका, कानाचा पडदा दुखावतो.

घरी पोचल्यावर गाडी वरून पुसून ठेवू नका. सोमवारीच खालून, चाकांच्या आतून, सायलेन्सरपर्यंत गोड्या पाण्याचा फवारा मारून घ्या. तंबूही धुऊन, कडकडीत वाळवून मगच गुंडाळा. मिठानं त्याची चेन पुढच्या वर्षी उघडत नाही.